रिकाम्या घरात शून्य लिहू नये

माझ्या वाढदिवसाला अंभोरे काकांनी मला माझ्याच उशिरा येण्याचा ग्राफ भेट दिला. नुसता कागद नाही, चांगली काचेची फ्रेम करून, मागे टांगायला कडी लावून. वर्षभरात मी कोणत्या दिवशी किती मिनिटं उशिरा आलो त्याचे निळे ठिपके होते आणि सोमवारचे तेवढे लाल. खाली पावसाची एक फिकट रेघ होती, म्हणजे मला सबब सांगायला जागाच ठेवली नव्हती. वर मथळा होता : 'सोळंके सोमवारी उशिरा येतात, पावसाचा त्यात काही हात नाही.'

मी म्हणालो, "काका, लोक वाढदिवसाला शर्टाचं कापड देतात."

"कापड विटतं," काका म्हणाले. "आकडा विटत न्हाई."

ती फ्रेम मी घरी नेली, ही माझी चूक. बायकोने ती टीव्हीच्या वर लावली आणि आजही ती तिथेच आहे.

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कंपनीत आम्ही दोघं नोकरीला आहोत. मी डिस्पॅचला, म्हणजे पोती गाडीत चढली की नाही आणि गाडी गेटबाहेर किती वाजता पडली, हे लिहिणारा माणूस. काका उगवण चाचणीच्या प्रयोगशाळेत. ओल्या कागदाच्या घड्यांत शंभर दाणे मोजून ठेवायचे, ठरल्या दिवशी उघडायचे, किती उगवले ते लिहायचं, हे काम ते तीस वर्षं करत आले आहेत. 'शंभरातले किती' हे एकदा डोक्यात बसलं की ते निघत नसावं. हॉटेलात भज्यांची प्लेट आली की काका आधी भजी मोजतात, मग त्यातली किती कच्ची ते सांगतात, आणि मग खातात.

काका मूळचे टेंभुर्णीचे. अंगाने किडकिडीत, पांढरा सदरा, खिशाला तीन पेनं आणि त्यातलं एक कायम लाल. आवाज इतका हळू की शेजारची लोखंडाची मिल धडधडायला लागली की त्यांचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. पण ते बोलतातही कमी. काही विचारलं की कॉम्प्युटरचा पडदा आपल्याकडे वळवतात आणि म्हणतात, "आधी बघा, मंग बोला."

एक्सेल ते पंचेचाळिशीत शिकले, तेही मुलीबरोबर. मनीषा ही त्यांची एकुलती एक. तिची दहावी झाली त्याच वर्षी काकू गेल्या. सुट्टीत पोरगी कॉम्प्युटरच्या क्लासला जायची आणि घरात एकट्याला बसवायचं नाही, म्हणून काकांनीही तिच्याच बॅचला नाव घातलं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांत हा एक बाप. पहिल्या दिवशी मनीषाने पडद्यावरचा चौकोन दाखवून सांगितलं, "बाबा, ह्याला सेल म्हणतेत." काका म्हणाले, "सेल ब्याटरीत असतो. हे तर घर हाय, सारीपाटाचं असतं तसं." तेव्हापासून काकांच्या तोंडी घर आणि त्यांच्यामुळे आमच्या सगळ्या ऑफिसच्या तोंडी घर. नव्याने आलेली एम.एस्सी. झालेली मुलंसुद्धा महिन्याभरात "काका, बी-सातच्या घरात काय भरू?" असं विचारायला लागतात.

वर्षभरात काका मनीषाच्याही पुढे गेले. आमच्याकडे पूर्वी प्रत्येक वाणाचा वेगळा ग्राफ असायचा आणि मीटिंगला कागदांचा गठ्ठा न्यावा लागायचा. काकांनी एकच ग्राफ केला आणि त्याच्या डोक्यावर एक यादी बसवली. यादीतून सोयाबीन निवडलं की सोयाबीनची रेघ, कपाशी निवडली की कपाशीची. काका त्या यादीला 'खण' म्हणतात. "खण उघडा, पाह्यजे ते काढा, परत लावा. सगळी भांडी ओट्यावर कशाला मांडता?" आकड्यांचं त्यांनी असं टेबल केलं होतं की खाली नवी ओळ लिहिली की ग्राफ आपोआप पुढे सरकायचा. "उशिरा आलेला पाव्हणा बी पंगतीत बराबर बसला पाह्यजे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं.

गोल ग्राफ त्यांना सहन होत नाही. त्याला ते भाकरी म्हणतात. "भाकरीचे तुकडे करून पोट भरतं, समजत काही न्हाई." फुगवलेला, उभारलेला, सावली पडलेला ग्राफ कुणी काढला तर त्याला दोन दिवस चहाला बोलवत नाहीत. रंगही मोजून. सगळं करडं ठेवायचं आणि जे दाखवायचं तेवढंच लाल. "जत्रंत एकाच पोराला लाल टोपडं घाला, मंग सापडतं. समद्यांना घातलं तर कोण कुणाचं कळंल?"

एकदा मॅनेजर साहेबांनी मोठ्या बैठकीसाठी स्वतः ग्राफ काढला. यंदाची उगवण गेल्या वर्षीपेक्षा थोडी बरी होती, पण साहेबांच्या ग्राफात यंदाचा खांब गेल्या वर्षीच्या दुप्पट दिसत होता. साहेबांनी उभी पट्टी शून्याऐवजी ऐंशीपासून सुरू केली होती, एवढंच. काका बराच वेळ बघत राहिले.

"साहेब, पाय कापून उंची दाखवून राह्यले तुमी."

"अहो अंभोरे, फरक दिसायला नको का?"

"दिसला पाह्यजे. पण हाय तेवढाच."

साहेबांनी पट्टी शून्यावर आणली. बैठकीत त्या ग्राफाकडे कुणी पाहिलंही नाही, आणि साहेब महिनाभर काकांशी फक्त चिठ्ठ्या पाठवून बोलत होते.

मथळ्याचा त्यांचा नियम तर मी फ्रेममध्ये घालून घरीच नेलेला आहे. ग्राफ काढला की कॉम्प्युटर त्याच्या डोक्यावर 'चार्ट टायटल' असे दोन रिकामे शब्द आपणहून टाकतो आणि बहुतेक लोक ते तसेच ठेवतात. काकांना ते उघड्या डोक्याने देवळात गेल्यासारखं वाटतं. ग्राफ काय सांगतो ते एका वाक्यात वर लिहिता येत नसेल, तर तुम्हाला ग्राफ कळलेलाच नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. "मंग कशाला काढला? रेघोट्या ओढायला बालवाडी हाय."

पण ज्या नियमावरून त्यांनी एका मुलीला खरोखर रडवलं तो वेगळा होता. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस दाणे कुणी मोजले नव्हते. त्या दोन दिवसांची घरं रिकामी. आता मध्ये घरं रिकामी राहिली तर एक्सेल विचारतं : रेघ तिथे तोडू, शून्यावर नेऊ, की अलीकडचं आणि पलीकडचं टोक सरळ जोडून टाकू? प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीने जोडून टाकलं. दिसायला छान दिसत होतं.

"ते दोन दिवस तुमी पाह्यले का?" काकांनी विचारलं.

"नाही काका, पण आधीचं आणि नंतरचं बघता..."

"मंग मधली रेघ कुणाच्या भरवशावर ओढली?"

मुलगी घाबरली आणि तिने शून्य केलं. काका आणखी चिडले. "शून्य म्हंजे मोजलं, आन दाणा मेलेला निघाला. रिकामं म्हंजे मोजलंच न्हाई. रिकाम्या घरात शून्य लिहू नये, बाई. जित्याला मेलं म्हणून राह्यल्या तुमी." मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी काकांनी तिच्यासाठी घरून पेढे आणले. मोजून सात होते आणि एक जरा फुटलेला आहे हे त्यांनी आधीच सांगितलं.

ऑफिसबाहेरही हेच. जुन्या जालन्यात त्यांच्या दोन खोल्या आहेत. गल्लीत नळ कोणत्या दिवशी आला याची नोंद ते ठेवतात आणि त्याचा ग्राफ कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला चिकटवतात. गल्लीतल्या बाया पंचांगाआधी तो बघतात. लग्नाला गेले की पत्रिकेतला मुहूर्त आणि अक्षता पडल्याची खरी वेळ, दोन्ही टिपून आणतात. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला फार आवडतो : 'मुहूर्त जितका शुभ, तितका उशीर जास्त.'

त्या लग्नांच्या यादीतच मला एकदा एक ओळ दिसली. 'मनीषा, परभणी.' पुढची दोन्ही घरं रिकामी.

"काका, ह्या लग्नाची वेळ राहिली."

"ते मोजलं न्हाई म्या," काका म्हणाले आणि त्यांनी खण बदलला.

बाकीचं मला रफिकभाईंनी सांगितलं. रफिकभाई वीस वर्षं काकांच्या शेजारी बसून दाणे मोजतात आणि काकांचं जेवढं मोजता येत नाही तेवढं त्यांना माहीत आहे. मी त्यांना विचारलं होतं ते फोनबद्दल. रोज संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला काकांचा फोन वाजायचा. दोन रिंगा, आणि बंद. काका उचलायचे नाहीत. फोनकडे बघायचे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि कॉम्प्युटरवर काहीतरी टिपून फाइल मिटून टाकायचे. ऑफिसात यावर बऱ्याच चर्चा झाल्या होत्या. कुणी म्हणे विम्याचा एजंट, कुणी म्हणे या वयात काका कुणाच्या तरी नादी लागले.

"कायका एजंट," रफिकभाई म्हणाले. "बेटी है उनकी."

मनीषा संभाजीनगरला हॉस्टेलवर राहत होती तेव्हा बाप-लेकीत ठरलं होतं, की संध्याकाळी खोलीवर पोचली की तिने दोन रिंगा द्यायच्या. दोन रिंगा म्हणजे 'मी बरी आहे'. काकांनी उचलायचा नाही. मग चार वर्षांपूर्वी तिने बरोबर शिकणाऱ्या मुलाशी नोंदणी करून लग्न केलं आणि झाल्यावर कळवलं. आम्हाला वाटलं, जातीचं काहीतरी असणार. रफिकभाई म्हणाले, ते काही नाही. काकांच्या मनाला एवढंच लागलं की पोरीने विचारलं नाही. काकांनी तिला फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या. एक, आजपासून मी तुझ्याशी बोलणार नाही. दोन, त्या माणसाचा नंबर कधी माझ्या फोनात दिसला तर फोन दगडावर आपटीन.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला दोन रिंगा आल्या. काकांनी फोन उचलला नाही. उचलायचा नाही हे तर आधीपासूनच ठरलेलं होतं. म्हणजे शपथही मोडली नाही आणि लेकही तुटली नाही. हे ऐकून मला आधी हसूच आलं, कारण युक्ती तशी नामी होती. दोन माणसं चार वर्षं नुसत्या दोन रिंगांवर एकमेकांना धरून आहेत, याचं वाईट वाटायला मला थोडा वेळ लागला. मी सगळीकडे उशिराच पोचतो.

गेल्या वर्षी, खरिपाची विक्री उरकून आमच्या गाड्या थांबल्या होत्या त्या दिवसांत, एका मंगळवारी फोन वाजला नाही. बुधवारी वाजला नाही. गुरुवारी काकांनी फोन सदऱ्याच्या खिशातून काढून टेबलावर ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि मला म्हणाले, "सोळंके, जरा मला लावून बघा बरं."

मी लावला. दोन हातांवर फोन खणखणीत वाजला.

"वाजतोय की."

"वाजतो. मंग ठेवा आता, लाइन मोकळी पाह्यजे."

शुक्रवारीही पावणेसहाला त्यांनी मला लावून बघायला सांगितलं, आणि शनिवारीही. मी प्रत्येक वेळी लावला. रफिकभाई तेवढ्या वेळात मुद्दाम हात धुवायला बाहेर जायचे.

सोमवारी माझा प्रिंटर बिघडला होता म्हणून एक यादी छापायला मी काकांच्या कॉम्प्युटरवर बसलो. काका आत दाण्यांच्या घड्या उघडत होते. पडद्यावर एक फाइल उघडी होती. एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला वेळा : पाच सेहेचाळीस, पाच चव्वेचाळीस, पाच एकोणपन्नास. खाली ग्राफ. आणि ग्राफच्या डोक्यावर चक्क 'चार्ट टायटल' ही कॉम्प्युटरची अक्षरं तशीच. काकांच्या ग्राफाला मथळा नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आमची शेवटची गाडी गेटबाहेर पडते ती साधारण पावणेसहालाच. मला वाटलं, माझ्या येण्याचा ग्राफ झाला, आता म्हातारा माझ्या गाड्यांच्या मागे लागला. शेवटची सहा घरं रिकामी होती आणि रेघ तिथे तुटली होती. त्या सहा दिवसांत गाडी गेलीच नव्हती. दाण्यांच्या वहीतला नियम मला माहीत होता, पण आमच्या खात्याचा नियम उलटा आहे. गाडी गेली नाही तर शून्य लिहायचं; घर रिकामं सोडलं तर क्लार्क कामचुकार ठरतो. इतक्या वर्षांनी काकांची चूक सापडली होती. मी मोठ्या आनंदाने सहा शून्यं भरली. चार वर्षं एका उंचीवर चाललेली रेघ खाडकन तळाशी जाऊन पडली.

काका रुमालाला हात पुसत आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि शेजारच्या स्टुलावर बसले. स्टूल रफिकभाईंचं होतं, त्यांचं नव्हतं. ते कधी दुसऱ्याच्या जागेवर बसत नाहीत.

"शून्य कुणी लिहिलं?"

"मी. त्या दिवशी गाडी गेली नाही ना काका."

"ही गाडी न्हाई," काका म्हणाले.

मिल बंद होती म्हणून मला ते ऐकू आलं. मी तारखा परत पाहिल्या. पहिलं शून्य मंगळवारचं होतं. मला इतकी शरम वाटली की उठायचंही सुचेना. काकांनी माझ्या हाताखालून माउस घेतला आणि एकेक शून्य पुसलं. सहाही एकदम पुसता आली असती. त्यांनीच मला ते शिकवलं होतं.

मी म्हणालो, "काका, तुम्हीच लावा की तिला. शपथ काय, मागेपुढे होते."

"लावल्ता. गुरुवारीच लावल्ता." ते पडद्याकडेच बघत होते. "बंद हाय. रोज लावून राह्यलो. बंदच हाय."

"मग जावयांना लावा."

"त्याचा नंबर कुठंय माझ्याकडं? म्याच सांगितलं ना, दिसला तर आपटीन."

चार वर्षांची शपथ त्यांनी गुरुवारीच मोडली होती आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. मी चहा सांगितला.

बुधवारी सकाळी काकांनी रजेचा अर्ज दिला. तीस वर्षांत त्यांनी मागितलेली रजा एका हाताच्या बोटांवर मोजता येईल, म्हणून साहेबांनी तो नीट वाचला. गुरुवार, शुक्रवार, मुक्काम परभणी. कारणाच्या जागी काकांनी खरं तेच लिहिलं होतं : 'सलग आठ घरे रिकामी आहेत, ती पाहण्यासाठी.'

"वा, परभणीला घर बघताय का अंभोरे?" साहेब म्हणाले. "आठ बघताय? चांगलं केलंत. गल्ली बघून घ्या."

"एकच बघायचं हाय साहेब," काका म्हणाले. "गल्लीच माहीत न्हाई."

साहेबांनी सही केली. पत्ता काकांकडे नव्हताच. बँकेच्या मागे कुठेतरी राहतात, एवढं कुणीतरी सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं. परभणीत बँका किती आणि प्रत्येकीच्या मागे गल्ल्या किती, याचा एक कागद त्यांनी करायला घेतला होता. जेवणाच्या सुट्टीत ते तो घेऊन बसले असताना फोन वाजला.

दुपारचे दोन वाजत होते. नंबर अनोळखी. दोन रिंगा, आणि बंद.

काकांनी हातातला घास डब्यात ठेवला.

"उलटा लगाव काका," रफिकभाई म्हणाले. "जल्दी लगाव."

काकांनी लावला. आवाज गेल्या गुरुवारपासून पूर्ण वाढवलेला होता, त्यामुळे पलीकडचं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. पुरुषाचा आवाज आला, "हॅलो, कोण?"

काका गडबडले. तीस वर्षं फोनवर जे बोलत आले तेच तोंडातून निघालं. "अंभोरे बोलतो, जालन्याहून. बियाणं कंपनी."

"आम्हाला नको बियाणं. शेती न्हाई आमची," पलीकडचा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. काकांनी पुन्हा लावला. या वेळी त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता. "मनीषाचा बाप बोलतो."

पलीकडून आलं, "नमस्कार बाबा. एक मिनिट. एकच मिनिट हं, ठेवू नका." मग चपलांचा आवाज, दाराचा आवाज आणि मग मनीषा.

"बाबा? रागावू नका, ह्यांच्या फोनवरून लावला. माझा मोबाइल पाण्याच्या टाकीत पडल्ता. मंगळवारी, सकाळी सकाळी."

"मंग?"

"मंग तांदळाच्या डब्यात ठेवला, वाळायला. रोज काढून बघून राह्यले, चालूच होईना. तुमी म्हणाल्ते, ह्यांचा नंबर दिसला तर... म्हणून लावला न्हाई. आज मात्र न्हाई राहावलं. दोनच रिंगा दिल्या."

मला वाटलं आता काका रडतात. पण काकांनी विचारलं, "आठ दिवस तांदळात?"

"हो."

"सोयाबीन बी इतकं वाळवत न्हाईत, बाई."

पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि मग तो हसण्याचा राहिला नाही. काका म्हणाले, "हा नंबर राहू दे. जावयाचं नाव काय, ते सांग. सेव्ह करून ठेवतो." चार वर्षांत त्यांनी ते विचारलं नव्हतं. तिने नाव सांगितलं. काकांनी खिशातलं लाल पेन काढून ते हातावर लिहिलं.

मग ते म्हणाले, "बरं मनू, आता सांग. मंगळवारी काय केलं?"

तिने मंगळवारचं सांगितलं. मग बुधवारचं. शाळेत काय झालं, ती शाळेत शिकवते हेही आम्हाला तेव्हाच कळलं, भाजी कोणती केली, सासूचे पाय कसे आहेत. काका मधेच थांबवायचे आणि म्हणायचे, "शुक्रवार राह्यला." जेवणाची सुट्टी केव्हाच संपली होती. आम्ही सगळे आपापल्या टेबलाशी खाली माना घालून काम करत असल्याचं दाखवत होतो. साहेब दारापर्यंत आले, त्यांनी पाहिलं आणि ते परत गेले.

रजा मंजूर झाली होती, ती वाया घालवायची नाही म्हणून काका गुरुवारी परभणीला गेलेच. बँकांचा कागद त्यांनी बरोबर नेला. उगाच केला असं व्हायला नको, म्हणाले.

सोमवारी मी उशिरा पोचलो. काका जागेवर होते. टेबलावर परभणीहून आणलेला चिवडा होता आणि पडद्यावर ती फाइल उघडी होती. बुधवारच्या घरात वेळ होती, एक अठ्ठावन्न, म्हणून रेघ तिथे खाली वाकली होती. पण ती तुटलेली नव्हती. अलीकडच्या सोमवारपासून पलीकडच्या बुधवारपर्यंत, आठही रिकाम्या घरांवरून, सरळ जोडलेली होती.

इतक्या वर्षांनी मला संधी मिळाली होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "काका, हे काय? मधले दिवस कुणी पाह्यले? रेघ कुणाच्या भरवशावर ओढली?"

"तिनं सांगितले की," काका म्हणाले. "आठही. एकेक करून. तुमी तर ऐकत होते समदे."

तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. 'चार्ट टायटल' तिथे नव्हतं. त्या जागी काकांनी ग्राफ काय सांगतो ते एका वाक्यात लिहिलं होतं : 'मनू बरी आहे.'

मी चिवड्याची मूठ घेतली आणि माझ्या टेबलाकडे निघालो. मागे काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, दुसरी फाइल उघडली आणि माझ्या सोमवारच्या घरात बावीस मिनिटं भरली.